जर्मनचं विमान

मामांचं वर्षश्राद्ध आटोपलं, पानं उचलली गेली, आणि मामीनं आतल्या खोलीतून जुन्या चादरीत गुंडाळलेलं एक गाठोडं आणून माझ्या मांडीवर ठेवलं. "हे तू ने. तुलेच समजन यातलं." गाठ सोडायच्या आधीच आत काय आहे ते मला वजनावरून कळलं. आल्लापल्लीच्या सागवानाचं ते वजन मी सात वर्षांची असल्यापासून माझ्या हाताला ठाऊक आहे.

मामांचं सी हॉक. नौदलाच्या त्या नावाच्या लढाऊ जेट विमानाची लाकडी प्रतिकृती. नाकापासून शेपटीपर्यंत पन्नास सेंटिमीटर, आणि पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतही जवळपास तेवढंच. खऱ्या सी हॉकची लांबी १२.०९ मीटर आणि पंखविस्तार ११.८९ मीटर, म्हणजे मामांनी बरोबर चोविसावा हिस्सा धरला होता. एक चाक गेलेलं. डाव्या पंखाची बिजागरी तुटून पंख लोंबत होता. कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण पिवळं पडून तडकलेलं. आणि अंगभर चंदेरी रंगाचे पोपडे.

सोबत एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात खिळे, स्क्रू, पितळेचे तुकडे, सुटलेलं चाक आणि विटी-दांडूतली एक लहानशी विटी.

मामा नौदलात होते. विमानं उडवणारे नव्हते, विमानं उडती ठेवणारे होते. विदर्भातून नौदलात जाणं आजही लोकांना नवलाचं वाटतं. त्या काळी तर आमच्या आजीला समुद्र म्हणजे अंबाझरी तलावापेक्षा किती मोठा हे समजावताना मामांची दमछाक व्हायची. आयुष्याची उमेदीची वर्षं त्यांनी गोव्याला दाबोळीच्या तळावर आणि विक्रांत या विमानवाहू जहाजावर काढली. परत आल्यावर हिंगण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिले. १९८३ साली आपल्या नौदलातून सी हॉक निवृत्त झालं, त्याच्या जागी सी हॅरियर आलं. ती बातमी कळल्यावर महिनाभर मामा संध्याकाळी कोणाशी फार बोलले नाहीत. महालातल्या एका सुताराकडे जाऊन बसायचे. तो सुतार तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैल करायचा. त्याच्याकडच्या उरल्यासुरल्या सागवानातून हे विमान निघालं.

तान्हा पोळा नागपूरबाहेरच्या वाचकांना कदाचित माहीत नसेल. पोळ्याला खरे बैल सजतात आणि दुसऱ्या दिवशी पोरांचे लाकडी बैल. चाकं लावलेले, दोरीनं ओढायचे. भोसल्यांच्या काळापासून चालत आलेला हा आमचा सण आहे. १९८४च्या तान्ह्या पोळ्याला मी हट्ट धरला की मी बैल नेणार नाही, विमान नेणार. मामांनी काही न बोलता बैलाची तीन चाकं विमानाला बसवली, पुढे एक, मागे दोन, आणि दोरी माझ्या हातात दिली. चौकात सगळे बैल ओळीनं उभे आणि त्यात एक लढाऊ विमान. एका काकांनी वाकून विचारलं, "कायचं हाये जी हे?"

मामा म्हणाले, "हे लाकडाचं. पन खरं जर्मनचं होतं."

काकांनी मान डोलावली. मीही डोलावली. जर्मन म्हणजे काय हे आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं? मामीच्या चुलीवर रोज जर्मनच्या गंजात वरण शिजायचं. अ‍ॅल्युमिनियमला आम्ही सगळे जर्मनच म्हणतो. विमानं अ‍ॅल्युमिनियमची असतात, तेव्हा मामा बरोबरच सांगत होते. हे वाक्य पुढे त्यांनी कितीदा तरी म्हटलं आणि आम्ही प्रत्येक वेळी मान डोलावली.

मी शिकवते तांत्रिक आरेखन. पंचवीस वर्षं मुलांना एकाच वस्तूकडे समोरून, वरून आणि बाजूनं कसं पाहायचं ते सांगत आले आहे. त्यामुळे विमान घरी आणल्यावर मी आधी ब्रश उचलला नाही, पेन्सिल उचलली. सी हॉकच्या एफजीए ६ या प्रकाराचं तीन बाजूंचं रेखाचित्र मिळवलं, ते चोविसाव्या हिश्श्यानं ट्रेसिंग कागदावर काढलं आणि मामांचं विमान त्याच्याशी ताडून पाहिलं.

नाक जुळलं. पंख जुळले. आडवं शेपूट जुळलं, त्याच्या बेचक्यातला ओकाच्या फळासारखा टोकदार उंचवटासुद्धा. नाकाच्या पोटाशी चार तोफांची तोंडं होती, वीस मिलिमीटरच्या तोफांची, चारही जागच्या जागी. पंखांच्या मुळाशी मागच्या बाजूला दोन धुराडी कोरलेली होती. सी हॉकची ही खरी ओळख. इंजिन एकच, रोल्स-रॉइसचं नीन, पण त्याच्या धुराची नळी आत दुभंगते आणि दोन्ही बगलांतून बाहेर पडते. म्हणून शेपटीत भोक नसतं. जेट विमानाच्या ढुंगणाला भोक नाही हे मला लहानपणी फार खटकायचं. "मंग धूर कोठून निघते?" असं मी विचारलं की मामा माझ्या दोन्ही काखांत बोटं घालायचे. गुदगुल्यांनी शिकलेलं तंत्रज्ञान विसरत नाही. नळी दुभंगल्यामुळे मागचा धडाचा भाग मोकळा राहतो आणि तिथं इंधनाची टाकी बसते. समुद्रावर उडणाऱ्या विमानाला ती टाकी म्हणजे परतीचं तिकीट.

सगळं मिलिमीटरभराच्या फरकात जुळलं, एक सोडून. शेपटीचं उभं पातं. ते रेखाचित्रापेक्षा स्पष्ट उंच होतं. माझ्या कागदाच्या रेषेच्या वर लाकूड निघालेलं दिसत होतं.

मला वाईट वाटलं. इतकं नेमकं काम करणाऱ्या माणसाचा इथंच हात कसा चुकला? मग मनाशी म्हटलं, शेवटी आठवणीतून केलेलं काम आहे, समोर नकाशा नव्हता. आणि मी पेन्सिलीनं त्या पात्यावर एक बारीक रेघ मारली, जिथून कापायचं तिथं.

त्या रेघेवर करवत चालवली नाही, एवढंच नशीब. आधी रंग काढायचे होते, म्हणून कापणं मागे पडलं.

रंग काढणं हे काम मी कोणाला घाईनं करू देणार नाही. जुन्या विमानांची दुरुस्ती करणारे जाणकार लोक पॉलिश कागदानं एका ठिकाणी गोल-गोल घासत जातात, हलक्या हातानं, म्हणजे झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे रंगाचे थर एकामागून एक उघडे पडतात. कोणता रंग कधी चढला, कोणतं चिन्ह कशाखाली दडलं, हे त्या रुपयाएवढ्या वर्तुळात वाचता येतं. एकदा थिनर ओतून सगळं खरवडून टाकलं की विमान चकचकीत होतं आणि त्याची स्मरणशक्ती जाते. मी तोंडाला मास्क बांधला, कारण जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, आणि डाव्या पंखाच्या पोटाकडून सुरुवात केली.

वर चंदेरी. तो मंगळयानाच्या वर्षीचा. त्या गणपतीत मामेभावाच्या मुलांनी हे विमान चांदी फासून आरासीत टांगलं होतं. त्याखाली गडद निळा. तो मामेभावाचा स्वतःचा, शाळेच्या प्रदर्शनासाठी. नौदल म्हणजे निळंच, असा त्याचा हिशेब. आणि निळ्याच्या खाली, अगदी लाकडाला चिकटून, मामांचा हात. वरच्या अंगाला गडद करडा, पोटाला एक फिका रंग, ना हिरवा, ना राखाडी. ब्रिटिश नौदलाच्या रंगपेटीत त्या फिक्या रंगाचं नाव 'स्काय'. नाव आकाशाचं, पण त्यात निळा जवळपास नाहीच. उकडलेल्या कच्च्या पपईचा रंग डोळ्यापुढे आणा, तसा. आपली सी हॉक सुरुवातीला याच रंगात आली.

नाकाजवळ रंग काढताना दोन दिवस लागले, कारण तिथं एक पांढरा वाघ निघाला. झेप घेणारा. मामांनी तो बारीक कुंचल्यानं काढला होता. नौदलाच्या ३०० क्रमांकाच्या तुकडीचं हे चिन्ह. जुलै १९६०मध्ये वेल्समधल्या ब्रॉडी इथं ती तुकडी उभी राहिली, सी हॉकसाठीच. पुढच्या वर्षी ४ मार्चला बेलफास्टमध्ये विक्रांत नौदलात दाखल झाली आणि १८ मे १९६१ रोजी तिच्या डेकवर पहिलं जेट उतरलं. ते उतरवणारे लेफ्टनंट ताहिलियानी पुढे नौदलप्रमुख झाले. तो वाघ नंतर सी हॅरियरवर गेला, २०१६ साली सी हॅरियर निवृत्त झाल्यावर मिग-२९केवर. मामांच्या सागवानावर मात्र तो दोन रंगांखाली झोपला होता.

१९७१बद्दल मामा एवढंच सांगायचे की विक्रांतच्या एका बॉयलरला भेग होती आणि जहाज पुरता वेग घेऊ शकत नव्हतं. विमान डेकवरून सुटायला समोरून वारा लागतो, आणि तो वारा जहाजाच्या वेगानंच वाढतो. वाफेच्या जोरानं विमान पुढे फेकणाऱ्या कॅटापल्टच्या जोडीला तो प्रत्येक नॉट महत्त्वाचा. तरीही ४ डिसेंबरला सी हॉक उडाली, कॉक्स बाजारवर गेली, चितगाववर गेली, पुढच्या दिवसांत खुलना आणि मोंगलावर. मामांचं काम परत आलेल्या विमानात इंधन भरून, गोळे भरून, भोकं तपासून ते पुन्हा पाठवायचं. "आमी फक्त मोजत होतो," ते म्हणायचे. "गेले किती, आले किती." त्या मोहिमेत एकही सी हॉक पडलं नाही. हे सांगताना त्यांचा आवाज दरवेळी थोडा खाली जायचा.

उजव्या पंखाच्या पोटाशी रंग काढताना मला एक भोक दिसलं. गोल, पेन्सिलीएवढं. डाव्या पंखाखाली तसं भोक नव्हतं. विमान दोन्ही बाजूंनी सारखं असतं. एकाच बाजूला भोक म्हणजे भुंग्यानं पोखरलं असणार. सागवानाला सहसा कीड लागत नाही हे मला माहीत होतं, तरी मी भुसा आणि फेविकॉल कालवून ते बुजवलं आणि वरून घासून सपाट केलं.

हे सगळं करताना मी रात्री वाचत होते. मुळात सी हॉकचे प्रकार नेमके किती आणि कोणते, एवढंच पाहायला निघाले होते, आणि ती वाट लांब गेली. हॉकर कंपनीचा पहिला नमुना २ सप्टेंबर १९४७ रोजी उडाला. (आपली नवी विक्रांत नौदलात आली तीही २ सप्टेंबरलाच, २०२२ साली. मामांना हे सांगायला हवं होतं, असं वाचताना फार वाटलं.) हॉकरनं स्वतः पस्तीसच केली, बाकीचं काम आर्मस्ट्राँग व्हिटवर्थकडे गेलं. मग एफ १, एफ २, एफबी ३, एफजीए ४, एफबी ५, एफजीए ६. एफ म्हणजे निव्वळ लढाऊ, बी आला की बॉम्ब नेणारं, जीए म्हणजे जमिनीवर मारा करणारं. यात एफ २ला शक्तिचलित एलेरॉन आले, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेला विमान कलवणाऱ्या झडपा, एफबी ३चा पंख बाहेरचं ओझं पेलायला मजबूत केला. पण एफबी ५ म्हणजे नव्या इंजिनाचं एफबी ३, आणि एफजीए ६ म्हणजे नव्या इंजिनाचं एफजीए ४. बाहेरून पाहून तुम्हाला काहीच कळणार नाही. आंबिया बहाराचं संत्रं आणि मृग बहाराचं संत्रं कळमन्याच्या बाजारात शेजारी ठेवलं तर बाहेरचा माणूस दोन्ही सारखीच म्हणेल. फरक कळायला सोलावं लागतं. विमानाच्या बाबतीत सोलणं म्हणजे आतली धातूची पाटी वाचणं, इंजिनाचा क्रमांक पाहणं, देखभालीच्या वहीतल्या नोंदी जुळवणं.

आणि जिथं बाहेरून कळतं, तिथं बहुतेक वेळा शेपटी सांगते. हे मला सी हॉकनं नाही, अमेरिकेच्या वाइल्डकॅटनं शिकवलं. दुसऱ्या महायुद्धातलं हे बुटकं, गुटगुटीत विमान. त्याचे प्रकार ओळखणं हे जुन्या नौदल विमानांच्या वेड्यांचं बाळकडू आहे. एफ४एफ-३चे पंख मिटत नाहीत आणि त्यात चार मशीनगन. एफ४एफ-४चे पंख मिटतात आणि मशीनगन सहा. ते पंख कसे मिटवायचे, हे लिरॉय ग्रुमन यांनी एका खोडरबरात कागदाला लावायच्या तारेच्या पिना खोचून शोधलं. पंख नुसता वर उचलायचा नाही, तर पिळून मागे न्यायचा, पक्षी मिटतो तसा, म्हणजे जहाजाच्या कमी उंचीच्या तळघरातही मावतो. त्यासाठी बिजागरीचा आस कोणत्या तिरक्या कोनात हवा, हा खरा प्रश्न होता. मी आता दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना एकेक खोडरबर आणि दोन पिना देते. अर्ध्या तासात कोणातरी एकाला तो कोन सापडतो, आणि त्या बाकाभोवती जी गर्दी होते ती पाहायला मला फार आवडतं.

पुढे हे विमान जनरल मोटर्सकडे बनायला गेलं. मोटारी करणाऱ्यांकडे. तिथं त्याचं नाव एफएम झालं, कारण अमेरिकन नौदलाच्या अक्षरांत ग्रुमनसाठी 'एफ' आणि जनरल मोटर्ससाठी 'एम'. त्यातल्या एफएम-२ला जास्त ताकदीचं इंजिन दिलं. १,२००च्या जागी १,३५० अश्वशक्ती. इंजिन पंखा एका बाजूला फिरवतं तेव्हा विमानाला दुसरीकडे ओढतं, ताकद वाढली की ओढही वाढते. ती आवरायला शेपटीचं उभं पातं उंच केलं. म्हणून एफएम-२ दुरून ओळखायचं ते उंच शेपटीवरून.

हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि टेबलावरच्या विमानाकडे पाहिलं. त्याच्या शेपटीवर माझी पेन्सिलीची रेघ होती.

पण त्या रात्री तरी मला पुरतं उमगलं नाही. सी हॉक जेट आहे, त्याला पंखा नाही. त्याची शेपटी कोण कशाला उंच करील?

वाइल्डकॅटवर जरा थांबते, कारण दुरुस्तीच्या कामात जो प्रश्न मला छळत होता तो तिथं फार ठसठशीत दिसतो. युद्धकाळात शिकाऊ वैमानिकांसाठी अमेरिकेनं मिशिगन सरोवरात दोन प्रवासी आगबोटींवर सपाट डेक ठोकून विमानवाहू जहाजं केली होती, वुल्व्हरीन आणि सेबल. बाजूला मोठाली चाकं असलेल्या आगबोटी. उतरायला शिकताना शंभरावर विमानं पाण्यात गेली. वैमानिक बहुतेक वाचले, विमानं तळाशी बसली. पाणी गोडं आणि थंड, म्हणून अ‍ॅल्युमिनियम टिकलं. समुद्राचं खारं पाणी असतं तर पांढरी भुकटी हाती आली असती, आणि जिथं पोलादी बोल्ट अ‍ॅल्युमिनियमला लागून आहेत तिथून तर आधी, कारण दोन धातू आणि मध्ये मीठ म्हणजे एक बॅटरीच, आणि त्या बॅटरीत मरतं ते अ‍ॅल्युमिनियम. तिथून वर काढलेलं एक एफ४एफ-३ आज शिकागोच्या ओ'हेअर विमानतळावर उभं आहे, ज्यांच्या नावानं तो विमानतळ आहे त्या वैमानिकाच्या विमानाच्या रंगात. प्रकार तोच, रंग तेच, पण ते विमान त्यांचं नव्हे. एखाद्या अनामिक शिकाऊ पोरानं सरोवरात बुडवलेलं ते विमान आता दुसऱ्याचं नाव अंगावर घेऊन उभं आहे. लोकांना आदरानं काही दाखवायचं तर असं करावं लागतं, हे मला पटतं. पण त्या बुडालेल्या दिवसाची खूण कुठंतरी, निदान एखाद्या पाटीमागे, ठेवली असावी असं मला मनापासून वाटतं.

म्हणून मी ठरवलं होतं की मामांचा करडा आणि स्काय परत आणायचा, पण डाव्या पंखाच्या पोटाशी चार बोटांचा एक चौकोन सोडायचा, ज्यात चांदी, निळा आणि करडा तिन्ही पायऱ्यांसारखे दिसतील. मामेभावानं विचारलं, "तेवढं काऊन सोडलं?" मी म्हटलं, "तो तू आहेस." तो बराच वेळ त्या चौकोनावर अंगठा फिरवत बसला.

आणि मग एका रविवारी मामी आली. मी रेखाचित्रं पसरून बसले होते. शेपटीचं सांगितलं, की मामांचं एवढं एकच चुकलं आहे. मामी काही बोलली नाही. स्वयंपाकघरात गेली, चहा ठेवला. मी मागून गेले तर ती ओट्यावरचं माझं भगोणं हातात घेऊन उभी.

"स्टीलचं घेतलं का तुनं? माह्याकडे अजून जर्मनचंच हाये. तुहे मामा हसत मले. म्हनत, तुही भांडी जर्मनची अन् माही विमानंही जर्मनची. पन माही खरोखरची, म्हनत."

खरोखरची.

मी तिथंच दाराला टेकले. चाळीस वर्षं कानावर पडलेलं वाक्य पहिल्यांदा ऐकू आलं. जर्मनचं. जर्मनीचं.

पुढचं तासाभरात सापडलं, कारण आता कुठं पाहायचं ते माहीत होतं. पश्चिम जर्मनीच्या नौदलानं सी हॉक घेतली होती. मार्क १०० आणि मार्क १०१, दोन्ही एफजीए ६वरून बेतलेली. स्टारफायटर ही नवी जेट विमानं आल्यावर जर्मनांनी ती काढून टाकली आणि १९६०च्या दशकात त्यातली अठ्ठावीस भारताच्या नौदलाकडे आली. जर्मन सी हॉकचं वैशिष्ट्य काय, तर शेपटीचं उभं पातं आणि त्यामागचं सुकाणू बाकी सगळ्या सी हॉकपेक्षा उंच. छायाचित्र मिळालं, त्याला माझा ट्रेसिंग कागद लावला. मामांची शेपटी त्यावर अशी बसली जशी बांगडी हातात बसते.

मामा दाबोळीत दोन घरची विमानं सांभाळत होते. काही ब्रिटनच्या बाजूची, काही जर्मनीहून आलेली. दोन्ही शेजारी उभी, दोन्हींवर तोच पांढरा वाघ, दोन्हींचं इंजिन तेच. फरक फक्त शेपटीत. त्यांनी कोरायला सर्वसाधारण सी हॉक घेतलंच नव्हतं. ज्यावर त्यांचे हात चालले, त्यातलं एक घेतलं होतं. आणि मी सर्वसाधारण नकाशा लावून त्याला चूक ठरवत होते.

मी खोडरबर घेतलं आणि ती पेन्सिलीची रेघ पुसली. रेघ जाते, पण तिरक्या उजेडात सागवानावर तिचा दाब अजून दिसतो.

तेवढ्यावर थांबले नाही, कारण आता प्रत्येक गोष्टीचा संशय यायला लागला होता. मार्क १०० आणि मार्क १०१ यांत फरक काय? शेपटी दोघांची उंच. मार्क १०१ रात्री आणि वाईट हवेतही काम करणारं होतं, त्यासाठी त्याला शोधक रडार दिलं होतं. एको कंपनीचं रडार. ते नाकात मावत नव्हतं, तोफा होत्या तिथं. म्हणून एका लांबुळक्या डबीत घालून पंखाखाली टांगलं होतं. एकाच पंखाखाली. उजव्या.

मी विमान उलटं केलं. उजव्या पंखाच्या पोटाशी मी बुजवलेली जागा हाताला लागतसुद्धा नव्हती, इतकी चांगली बुजवली होती. हे लिहिताना अजून माझ्या पोटात कालवतं. मामांच्या हातानं पाडलेलं भोक, ज्यानं ते विमान कोणतं हे एका खुणेत सांगितलं होतं, ते मी कीड समजून भरून टाकलं होतं. आणि स्वतःच्या सफाईवर खूश झाले होते.

मग बिस्किटांचा डबा आठवला.

विटी मी ट्यूबलाइटखाली धरली. करंगळीहून थोडी मोठी, मध्ये गोल, दोन्ही टोकं निमुळती. पण विटीचं एक टोक मारून मारून चेपलेलं असतं आणि हिला कुठंही मार नव्हता. पुढचं टोक मागच्यापेक्षा बोथट होतं. आणि पाठीवर बरोबर मध्यावर एक खुंटी तुटून राहिली होती, पेन्सिलीएवढ्या जाडीची. तिच्या अंगावर दोन रंग, खाली स्काय, वर निळा. म्हणजे मामेभावाच्या प्रदर्शनापर्यंत ती जागेवर होती, आणि चांदीच्या आधी कधीतरी निखळली.

माझी आई या मामांची धाकटी बहीण, तिला मी फोन केला. तिला म्हटलं, मामा कधी रडारबद्दल बोलले होते का? ती म्हणाली, रडारचं आठवत नाही, पण विक्रांत मोडायला काढली तेव्हा, २०१४ला, दोन दिवस जेवला नव्हता. पुढे तिच्या पोलादातून बजाजनं ती व्ही नावाची मोटरसायकल काढली, तेव्हा शोरूमला जाऊन टाकीवर हात ठेवून आला होता. घेतली नाही. नुसता हात ठेवून आला.

भोक पुन्हा पाडायला मला एक आठवडा लागला. यंत्र लावलं नाही. हातानं फिरवायची बारीक गिरमिट घेतली आणि माझा भुसा आणि माझा फेविकॉल तेवढाच निघेल असं बघत, थोडं थोडं, मामांच्या लाकडाला धार लागू न देता. माझं भरणं भुरकं होतं, त्यांचं सागवान तेलकट आणि तांबूस. गिरमिटीच्या टोकाला येणाऱ्या भुशाचा रंग बदलला की मी थांबायची. तळाला पोचले तेव्हा आत तुटलेल्या खुंटीचा दुसरा तुकडा होता, सरसानं चिकटलेला. तो काढला नाही. त्यालाच जोडून नवी खुंटी बसवली, बांबूची, म्हणजे माझं काम कोणतं आणि त्यांचं कोणतं हे पुढे कोणालाही कळेल.

बिजागरी सराफ्यातल्या एका कारागिरानं करून दिली, दागिन्यांच्या डबीला लावतात तसली, पितळेची. पंख आता वर मिटतात. झाकण नवं ओतून घेतलं. चाकं तीच ठेवली, तान्ह्या पोळ्याची, खऱ्या सी हॉकच्या चाकांपेक्षा मोठी असली तरी.

पोळ्याच्या आठवड्यात मी ते घेऊन मामीकडे गेले. तिनं आधी चष्मा पुसला. मग विमान उलटं करून पंखाखालची डबी पाहिली, हलकेच ओढून पाहिली, निघत नाही याची खात्री केली. मग सरळ करून शेपटीवरून हात फिरवला, खालून वर, अगदी टोकापर्यंत.

"जर्मनचं," ती म्हणाली, आणि उठून दोरी शोधायला आत गेली.